कंपनीचं सोवळं

आमच्या घरात गरम भाकरी कुणी खाल्ली असेल तर ती फक्त आईनं, आणि तीही चुलीपुढं बसल्या बसल्या, पापुद्रा मोडून चव बघताना. बाकी आम्हा सगळ्यांच्या वाट्याला यायची ती गार. कारण घर होतं पेट्रोल पंपाच्या मागं आणि चूल होती पार तिकडं, शेताच्या बांधावर, लिंबाखालच्या छपरात. इंदापूरच्या अलीकडं, सोलापूर रस्त्याला लागून आमचा पंप. माझ्या आज्याला तो एका विलायती कंपनीनं दिलेला, आणि देतानाच गोऱ्या साहेबानं बजावलेलं की आवारात काडी ओढायची नाही, विडी पेटवायची नाही, चूल तर नाहीच नाही. आज्यानं ते असं काही मनावर घेतलं की एकादशी चुकेल पण हे चुकणार नाही. घरात वीज यायच्या आधी आम्ही दिवस मावळायच्या आत जेवून घ्यायचो आणि अंधारात अंथरुणं घालायचो. अख्ख्या पंचक्रोशीच्या कंदिलात आमचं रॉकेल, आणि आमच्या घरात मिट्ट काळोख! देव्हारासुद्धा छपरातच, चुलीशेजारी, म्हणजे तिथं तरी समई लागावी. आईला मशेरी भाजायची हुक्की आली की तिला एवढं शेत तुडवून जावं लागायचं. जाता जाता ती पुटपुटायची, "बामनाचं सवळं परवाडलं, पर ह्या कंपनीचं सवळं नगं गं बाई." तेव्हापासून आमच्या घरात त्या नियमाचं नाव पडलं, कंपनीचं सोवळं.

कंपनी म्हणजे कोण, हे मला लहानपणी कळायचं नाही. मला वाटायचं, कुणीतरी लांबची, श्रीमंत, कडक आत्या असावी. माझ्या पणज्यानं तिची रॉकेलची चौकोनी टिनं बैलगाडीत घालून बावड्यापासून भिगवणपर्यंत गावोगाव विकली. आज्याच्या वेळी तिनं रस्त्याकडेला जमिनीत टाकी पुरली, वर हाताचा पंप बसवला आणि निळ्या पत्र्याची पाटी लावली. मग देश स्वतंत्र झाला, गोरे साहेब गेले, त्यांच्या जागी आपल्यातलेच काळेसावळे साहेब आले, पण टोपी तीच, पाटी तीच आणि ऐट तर दुप्पट. तिची टिनं मात्र आमच्या घरची झाली होती. पीठ टिनात, ज्वारी टिनात, तुळस टिनात लावलेली, छपराच्या भिंती टिनं चेचून काढलेल्या पत्र्याच्या, आणि माझी शाळेची पेटीसुद्धा टिनाचीच, वर कडी ठोकलेली. ही कंपनी कुठल्या देशाची, तिथं काय पिकतं, ती इतक्या लांब येऊन आमच्या रस्त्याकडेला का बसली, हे आबांना, म्हणजे माझ्या वडलांना, कुणी विचारलं तर ते म्हणायचे, "तिचं ती बघंल. कंपनी हाय तवर आपुन हाय." आणि विषय संपायचा.

त्या पंपाचा आवाज अजून माझ्या कानात आहे. वर दोन काचेच्या बरण्या, बाजूला लांब दांडा. दांडा मागं-पुढं केला की खालून पेट्रोल घळघळत चढायचं, एक बरणी भरायची, ती मोटारीत रिकामी होईपर्यंत दुसरी भरत यायची. रस्त्यावरच्या एस्ट्या, ट्रकचे हॉर्न, पलीकडं विहिरीवरचं इंजिन पुकपुक करतंय, आणि मधेच आबांचा आवाज, "इझीव, इझीव ती बिडी, मुडद्या!" वास तर असा मुरलेला की आईच्या लोणच्यालाही यायचा. शाळेत पोरी मला बघून नाक धरायच्या. "आली बघा रॉकेलची बाटली." मी त्यातल्या एकीची वेणी ओढली आणि मास्तरांकडून छड्या खाल्ल्या, पण पुढं कुणी नाक धरलं नाही. मी आईबापाची एकुलती एक. हाताशी पोरगा नाही, म्हणून आबांनी मला नकळतच सगळं शिकवलं. दांडा मारायला, टाकीत पितळी पट्टी सोडून तेल किती ते बघायला, आणि सगळ्यात आधी, आग लागली तर पाणी नाही, वाळू. तांबड्या रंगाच्या वाळूच्या बादल्या ओळीनं टांगलेल्या असायच्या. त्यात रोज सकाळी हात घालून वाळू ओली तर नाही ना हे बघायचं काम माझं.

वर्षातून एकदा कंपनीचे साहेब जीपमधून यायचे. फर्नांडिस त्यांचं नाव, मुंबईचे, बोलायला मऊ. त्या दिवशी आई कोंबडं कापायची आणि त्या एका दिवशी मी भाकरी गरम पोचवायची म्हणून फडक्यात गुंडाळून बांधावरनं पळत सुटायची. साहेब टाकी बघायचे, बादल्या बघायचे, तृप्त होऊन हात धुवायचे आणि जाता जाता हटकून विचारायचे, "ज्ञानदेवराव, तुमच्यानंतर कोण?" आबा दरवर्षी म्हणायचे, "बघू." पण त्या वर्षी साहेबांनी सांगितलं की कंपनी लहान पंप बंद करत चाललीय, ज्यांच्या मागं कुणी नाही ते तर आधी. आबांचा चेहरा पडला. ते म्हणाले, "पुतन्या हाय. बारामतीला शिकतोय. तो बघंल."

मी दारातच उभी होते. सतरावं लागलेलं. माझ्या अंगाचा असा काही तिळपापड झाला की साहेबांची जीप वळायच्या आत मी आबांपुढं.

"आबा, शशी कशाला? मी हाय की."

"तू पोरगी."

"पोरगी हाय म्हनून काय पेट्रोल पिऊन टाकते व्हय मी?"

"त्वांड लई चालाय लागलंय तुजं. कंपनीला बाया चालत न्हाईत."

आई भांडी उचलता उचलता थांबली. आमच्या भिंतीवर कंपनीचं एक जुनं कॅलेंडर होतं, त्यावर मुकुट घातलेल्या विलायतेच्या राणीचं चित्र. तारखा कधीच्या उडालेल्या, चित्र तेवढं आईनं ठेवलेलं, तिला त्या राणीच्या गळ्यातला हार आवडायचा. तिनं नुसतं बोट केलं. "मग ही कोन? ही अख्खं राज्य हाकतीया. आन माज्या लेकीला दांडा मारायचा न्हाई?" आबांना हसू फुटलं, पण ते मिशीत दाबून ते बाहेर गेले. मी त्या दिवशी मनाशी पक्कं केलं की हा पंप मीच चालवणार. कसा, ते ठाऊक नव्हतं. शिकून नोकरी करावी, लग्न करून जावं, असलं काही डोक्यात येईनाच. मला तो दांडा, तो रस्ता आणि ती येणारी-जाणारी माणसं हवी होती. आबांनी "इमल बघंल" एवढं म्हणावं, बास. माझं सगळं त्या दोन शब्दांवर अडलेलं.

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारं पुजतात. शेतकरी नांगर-विळे मांडतो, सुतार करवत मांडतो, आम्ही पंप पुजायचो. दांड्याला झेंडूची माळ, काचेच्या बरण्यांना हळदी-कुंकू, पुढं रांगोळी, नैवेद्याला कडाकण्या. आणि आरतीचं ताटही असायचं, त्यात तूप-वातीची निरांजनं असायची, पण न पेटवलेली. कंपनीचं सोवळं! आबा ती न पेटवलेली आरती पंपाला ओवाळायचे, आम्ही टाळ्या वाजवायचो आणि मग आई तेच ताट घेऊन बांधावरच्या छपरात जाऊन देवापुढं निरांजनं लावायची. अशी पूजा दुसऱ्या कुणाच्या घरी मी आजतागायत पाहिली नाही. आम्हाला मात्र त्यात काही वेगळं वाटायचं नाही.

त्या खंडेनवमीला बारामतीहून काकू आणि शशी आले. काकू म्हणजे माझी चुलती, अंगावर कारखान्याच्या सभासदाच्या बायकोला शोभेल असं ठसठशीत सोनं. शशी कॉलेजात, पांढरीशुभ्र प्यांट, केसाला तेल. आबांनीच बोलावलेलं, कारण वारसदार बघायला साहेब त्या वर्षी मुद्दाम पुन्हा येणार होते. पोराला दाखवायचं होतं. पूजा मांडून झाली आणि साहेबांच्या जीपमागोमाग टँकरही येऊन उभा राहिला. सणासुदीला गाडी परत धाडायची म्हणजे पुढचे आठ दिवस कोरडे, म्हणून आबांनी पाइप जोडून घेतला. टाकीचं झाकण उघडं, आत पेट्रोल उतरतंय, आणि वरची हवा उन्हात थरथरताना दिसतेय. ती हवा दिसली की पायातली चप्पलसुद्धा घासून चालायचं नाही, असं आबा सांगायचे. ते साहेबांशी बोलत उभे होते. आई छपरातून कडाकण्या आणायला गेलेली.

काकूंनी ताट बघितलं आणि गालावर हात मारला. "अगं बया! बिनपेटली आरती? सुतक हाय का काय घरात? शशी, लाव रं वाती."

मी म्हटलं, "काकू, न्हाय लावायची," पण मी दांड्याजवळ माळ बांधत होते, त्या होत्या पलीकडं, आणि टँकरच्या आवाजात माझं कुणाला ऐकू जातंय. शशीनं खिशातून काडेपेटी काढली. कॉलेजातल्या पोराच्या खिशात काडेपेटी कशाला, हा प्रश्न काकूंना त्या दिवशी पडला नाही, नंतर मात्र चांगला पडला. वाती लागल्या. आणि काकू कौतुकानं म्हणाल्या, "आता त्या ट्यांकरला बी ववाळ. लक्षुमी दारात आलीया."

शशी ताट घेऊन निघाला. उघड्या टाकीकडं, दोन पेटती निरांजनं घेऊन, अगदी भक्तिभावानं, हळूहळू. आधी ड्रायव्हरनं पाहिलं, तो "अयायायाया" करत रस्त्यापलीकडं. मग साहेब. साहेबांच्या हातातली टोपी पडली ती त्यांनी उचलली नाही, ते सरळ उसाच्या दिशेनं. कोण कुणाला हाक मारत होतं कुणास ठाऊक. मी विचार केला असं म्हणणार नाही, कारण मला काहीच आठवत नाही, फक्त बादलीची कडी हातात आली तेव्हा ती उन्हानं तापलेली होती एवढं आठवतं. शशी टाकीपासून हाकेच्या नाही, कुजबुजीच्या अंतरावर होता. मी समोरून गेले आणि अख्खी बादली त्याच्या ताटावर उपडी केली. निरांजनं, हळदी-कुंकू, अक्षता, सुपारीचा गणपती, सगळं वाळूखाली. ताट खाली आदळलं, त्यावर मी दुसरी बादली ओतली. शशीची पांढरी प्यांट तुपा-कुंकवानं माखली आणि तो रडकुंडीला येऊन म्हणाला, "ए येडे, देव होता की त्यात!"

टँकर तेवढा आपला गळगळ करत रिकामा होत होता. वारा रस्त्याकडं वाहत होता म्हणून वाचलो, असं साहेब नंतर म्हणाले, पाणी पीत, जीपच्या पायरीवर बसून. ते न जेवताच गेले. पण काकूंचं तोंड सुरू झालं ते थांबेना. सणाच्या दिवशी, पेटती आरती, देवासकट गाडली! "भावजी, ह्या पोरीनं तुमच्या अन्नात माती कालवली. बगा तुमी, टिकायचं न्हाय हे आता." आई कडाकण्यांची परात घेऊन बांधावर थिजलेली. मी आबांकडं पाहत होते. वाटलं, आता ते म्हणतील, पोरीनं वाचवलं. त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. वाळूतून सुपारी शोधून काढली, धोतराच्या सोग्याला पुसली, कपाळाला लावली आणि आत निघून गेले. मला इतकं लागलं, इतकं लागलं की मी विहिरीवर जाऊन इंजिनाच्या आवाजात मोठ्यानं रडून घेतलं. मग तोंड धुऊन परत आले, कारण टाकीचं झाकण लावायचं राहिलं होतं.

आणि काकूंची वाणी खरी व्हायला वर्षसुद्धा लागलं नाही! दिल्लीत कायदा झाला, परदेशी कंपन्यांचा कारभार सरकारनं हातात घ्यायचं ठरवलं, आणि आमची ती लांबची आत्या गाशा गुंडाळून निघाली. माझ्या पणज्याच्या गाडीपासून इथं मांड ठोकून बसलेली, पण निघताना "येते हं" म्हणायचीही तिला सवड झाली नाही. आमच्या भागात मात्र दिल्लीचं कुणी नाव घेतलं नाही. इंदापूरच्या बाजारात एकच चर्चा, ज्ञानबाच्या पोरीनं दिवा इझवला, कंपनी गेली. एस.टी.च्या थांब्यावर बायका मला बघून पदर सावरायच्या. एक ट्रकवाला म्हणाला, "बाई, माज्या गाडीवर नजर टाकू नगंस, कर्ज काढून घेतलीया." मी म्हटलं, "मग तेल डोळं मिटून भरू का?" तो हसला आणि भरून गेला. लोक बोलायचे आणि भरून जायचे. जाणार कुठं, पंप एकच होता.

आबांनी मात्र अंथरूण धरलं. ताप नाही, काही नाही, नुसते भिंतीकडं तोंड करून पडायचे. कंपनी हाय तवर आपुन हाय, आणि आता कंपनी नाही. मी कुणाला न विचारता दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी घेऊन टाकीवर गेले. तेल बघितलं, वाळू बघितली, पदर खोचला आणि दांड्याला लागले. तिसऱ्या दिवशी तळहाताला फोड, मग फोड फुटले, मग घट्टे पडले. आई बांधावरून भाकरी आणून द्यायची आणि मी दांड्याजवळच उभ्यानं खायची, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा. काकूंचा निरोप आला, सरकारी होऊ दे, काही बिघडत नाही, शशीला पाठवतो. मी निरोप आणणाऱ्याला चहा पाजला आणि सांगितलं, "पावना म्हनून कवाबी या म्हनावं."

मग ती निळी पाटी उतरवायला माणसं आली. भर दुपारची वेळ. बोल्ट गंजलेले, घाव घातल्याशिवाय निघेनात, आणि प्रत्येक घावाला घरातली टिनं झणझणत होती. आबा उठून बाहेर आले. पायरीवर, माझ्या शेजारी येऊन बसले. पाटीकडं बघतच त्यांनी विचारलं, "त्या दिशी तू पळाली का न्हाईस गं?"

"म्हाईत न्हाय, आबा."

"समदी पळाली. ड्रायव्हर, सायेब. मी बी." ते म्हणाले, "मी बी पळालो, इमल. माझी टाकी, माझं घर, पोटची पोर तितं उभी, आन मी उसात. तवापासनं तुज्याकडं बगाया व्हत न्हाय मला." मला वाटत होतं ते माझ्यावर रागावलेत. मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला, तर त्यांनी तो हात उलटा करून तळव्यावरचे घट्टे बघितले आणि पाटी उतरेपर्यंत तो तसाच धरून ठेवला.

आता त्या जागी चौपदरी रस्ता आहे, टाक्या तिप्पट मोठ्या आहेत आणि पोरं मोबाइल दाखवून पेट्रोल भरून जातात. माझं लग्न झालं, पण नवरा बावड्याहून इकडं आला, मी तिकडं गेले नाही. लोक त्याला काय काय म्हणाले, तो बिचारा हसून दांडा मारायचा. मागच्या महिन्यात आणखी एका परदेशी कंपनीची दोन गोजिरवाणी पोरं आली होती, पंपाशेजारची जागा द्या, विजेच्या गाड्यांचं चार्जिंग काढू, म्हणाली. त्यांच्या कंपनीचा केवढा जुना इतिहास, किती देशांत पसारा, सगळं त्यांनी मला घडाघडा सांगितलं. मी त्यांना भाकरी-पिठलं खाऊ घातलं आणि म्हटलं, "बाळांनो, जागा देईन. पण तुम्ही किती दिवस राहणार, ते आधी सांगा." म्हातारी चावट आहे असं त्यांना वाटलं असणार, आणि ते काही खोटं नाही.

पण एक सांगायचं राहिलंच. जुनी पाटी उतरल्यावर महिनाभरानं नवी पाटी आली, तिच्याबरोबर जीप आली, आणि जीपमधून उतरले ते पुन्हा फर्नांडिससाहेबच. कंपनी विलायतेला गेली, साहेब सरकारनं ठेवून घेतले. टोपी तेवढी नवी. काकू आणि शशी सकाळच्याच गाडीनं येऊन बसलेले, शशी या वेळी खाकी प्यांट घालून. साहेबांनी टाकी बघितली, बादल्या बघितल्या, माझ्याकडं बघून किंचित मान लववली. मग ओसरीवर बसून त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि नेहमीचाच प्रश्न विचारला, "ज्ञानदेवराव, तुमच्यानंतर कोण?"

काकूंनी शशीला कोपरानं ढोसलं. तो पुढं सरकला. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते.

"इमल," आबा म्हणाले.

"म्हणजे... मुलगी?" साहेबांनी पेन थांबवलं. "माझी काही हरकत नाही, ज्ञानदेवराव. मी तिला पाहिलंय. पण वर विचारतील. उद्या लग्न होईल, जाईल ती."

"जाईल की," आबा म्हणाले. "सायेब, तुमची कंपनी माज्या आज्याच्या येळंपासनं हितं व्हती. ती कवाच जायाची न्हाय, म्हनून मी तिच्यासाटी पुतन्या धुंडीत बसलो. ती गेली, आन जाताना मला इचारलं बी न्हाय. ही जाईल तवा सांगून तरी जाईल. ल्ह्या तिचं नाव."